वीतभर उचला, आन् थांबा

"वीतभर उचला, आन् थांबा."

हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला त्या माणसाचा रागच आला होता. शेंद्र्याच्या आमच्या कारखान्यात एक कॉम्प्रेसर जुन्या चौथऱ्यावरून उचलून नव्या चौथऱ्यावर ठेवायचा होता. साखळी ताणली गेली, कॉम्प्रेसर जेमतेम वीतभर सुटला, आणि हेल्मेटच्या आत रुमाल बांधलेला, साठीकडे झुकलेला एक माणूस हात वर करून असं म्हणाला. सगळे थांबले. त्याने खिशातून पितळी डबी काढली, डाव्या तळव्यावर तंबाखू घेतली, चुना लावला आणि अंगठ्याने मळायला लागला. तिकडे दीड टन लोखंड हवेत, इकडे हे गृहस्थ तंबाखू मळताहेत. मी नुकतीच डिप्लोमा करून देखभाल विभागात लागले होते, आणि नव्या माणसाला घड्याळाची जी घाई असते ती माझ्यात पुरेपूर होती.

"किती वेळ अजून?" मी विचारलं.

तंबाखू मळून झाली, चिमूट ओठाखाली गेली, तळहात झटकला गेला. एवढा सगळा वेळ त्यांनी कॉम्प्रेसरकडे पाहिलंसुद्धा नव्हतं, पण मान किंचित तिरकी होती. आतल्या खोलीत कोणी आजारी असलं की आपण कान देतो, तशी. मग म्हणाले, "चला वर."

काम झाल्यावर माझ्याजवळ आले. "ताई, लोड जमिनीवरून सुटला का त्याला बोलायला टाईम द्यायचा. गाठ सरकायची असंल, हूक वाकडा बसला असंल, तर तवाच कळतं. वीतभरावरून पडलं तर कुणाचा जीव जात नाय."

कारखान्यात तंबाखूला बंदी. गेटवर तशी मोठी पाटी, आणि रक्षक लोकांचे खिसे चाचपून पुड्या काढून घ्यायचे. यांची डबी मात्र अवजारांच्या पिशवीत हुकांच्या आणि पान्यांच्या गर्दीत बसून रोज आत यायची. तिला अवजारच समजत असावेत.

सगळे त्यांना मिस्त्री म्हणायचे. मशिनी हलवणाऱ्या एका ठेकेदाराकडे ते कामाला होते. आमच्याकडे काही जड उचलायचं असलं की ते आणि त्यांचे जोडीदार रशीदभाई अशी दोघं यायची, सोबत चेनकुप्पी घेऊन. वर एखाद्या गर्डरला ही कुप्पी अडकवायची आणि खाली लोंबणारी साखळी हाताने ओढत राहायची. एक माणूस पाच टन उचलतो, फक्त फार सावकाश. मिस्त्रींचं खरं नाव मी गेटपासवर शंभरदा वाचलं आहे. पण त्या नावाने त्यांना कोणी हाक मारलेली मी ऐकली नाही, आणि मी इथे लिहिलं तर मलाच ते परके वाटतील.

त्यांचा दुसरा नियम असा, की लोड हवेत असताना एकानेच बोलायचं. बाकीच्यांनी खोकलासुद्धा गिळायचा. एकदा आमचे प्लांटचे साहेब फोनवर बोलत बोलत टांगलेल्या मोटारीखालून निघाले. मिस्त्रींनी रशीदभाईंना खूण केली, साखळी थांबली. साहेब पार पलीकडे जाऊन, बोलणं संपवून, फोन खिशात टाकेपर्यंत मोटार तशीच लटकत होती.

"काय झालं? थांबलात का?" साहेब म्हणाले.

"तुमचं चालू होतं ना साहेब. एका टायमाला एकच."

साहेब हसले, पण त्यानंतर लोड चालू असताना ते तिकडे फिरकत नसत.

तुम्ही म्हणाल, हा काय, सावध स्वभावाचा माणूस. अशी माणसं सगळीकडे असतात. पण मिस्त्रींची गंमत पुढे आहे. ते हिशोब करायचे. शर्टाच्या खिशात खडूचा तुकडा असायचा, आणि प्रत्येक लोडआधी जमिनीवर उकिडवे बसून ते वजन लिहायचे, उंची लिहायचे, गुणाकार करायचे. शाळा सातवीपर्यंतच. हे कुठून शिकलात विचारलं, तर म्हणाले मुलीच्या पुस्तकातून. मुलगी नववीत गेली तेव्हा पुस्तकांना कव्हरं घालायचं काम यांच्याकडे होतं. विज्ञानाच्या पुस्तकाला कव्हर घालता घालता एक धडा उघडला. कार्य आणि ऊर्जा.

"ताई, मी तीस वर्सं साखळी वढतोय. हाताला म्हाईत होतं, जोर कमी लागला का साखळी लांब वढावी लागती. फुकट काय नाय. पन हे कुणीतरी लिवून ठिवलंय, हे म्हाईत नव्हतं. त्या दिवशी दोन कव्हरं उलटीच घातली बगा मी."

जूल म्हणजे काय, एवढंच त्यांना त्या धड्यातून उमगलं नव्हतं. मी सांगितलं, शंभर ग्रॅमचा एक लहान पेरू जमिनीवरून उचलून कमरेपर्यंत आणला की साधारण एक जूल कार्य होतं. ते वाकले, नसलेला पेरू खरोखरच उचलून कमरेपर्यंत आणला आणि मान डोलावली. त्या दिवसापासून आमच्या कारखान्यात जूल हा शब्द कोणी वापरला नाही. "ताई, आज किती पेरू?" असं विचारत ते यायचे, आणि मी फळवाल्यासारखी उत्तर द्यायचे.

आणखी एक वस्तू त्यांच्याजवळ होती. भंगारवाले पोती टांगून मोजतात तसा हुकाचा काटा. ओढायच्या साखळीत तो अडकवायचे आणि काट्यालाच धरून साखळी ओढायचे. समजा काट्यावर वीस किलो आले. यांच्या कुप्पीत लोड एक मीटर वर जायला साखळी दीडशे मीटर ओढावी लागायची. म्हणून वीस गुणिले दीडशे, तीन हजार. "त्यातले चार आणे कुप्पी खाती," असं म्हणून चौथा हिस्सा वजा. उरले सव्वादोन हजार. टांगलेलं वजन सव्वादोन टन. मी एकदा त्यांची उलटतपासणी करायची म्हणून वजनकाट्यावरून आलेल्या मशीनची पावती लपवून ठेवली आणि त्यांना वजन विचारलं. वीसेक किलोंचा फरक निघाला. तोही त्यांनी मान्य केला नाही. म्हणाले, ट्रकवाला मशीनवर बसला असंल.

आमची भांडणंही व्हायची. सपाट जमिनीवरून रोलरवर मशीन ढकलत नेली तर गुरुत्वाकर्षणाविरुद्ध काहीच कार्य होत नाही, असं मी एकदा त्यांना ऐकवलं. वर उचललंच नाही, तर उत्तर शून्य. सकाळपासून ते आणि रशीदभाई चार टनांचं धूड शंभर फूट ढकलत आले होते. मिस्त्रींनी घाम पुसला. "शून्य?"

"शून्य."

"पुस्तकाला गुडघे नसत्यात, ताई." आणि दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत.

आमच्या घरीही ते एकदा आले होते. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो, लिफ्ट नाही. नळाला पाणी आठ दिवसांनी येतं, ते खालच्या हौदापर्यंत. पंप जळाला होता आणि वर्गणी कोणी काढायची यावर इमारतीत एकमत होईना. आई हंड्याने पाणी वर आणत होती. कपाट हलवायला आलेल्या मिस्त्रींनी तिला जिन्यात पाहिलं आणि मोजायला लागले. सव्वीस हंडे, हंड्याला पंधरा किलो. खडूने आमच्या दारासमोरच गुणाकार मांडला, आणि संध्याकाळी इमारतीतले चार पुरुष जिन्यात सापडले तेव्हा त्यांना थांबवून दाखवला. "ही माय दर पाण्याच्या दिवशी एक म्हैस तिसऱ्या माळ्यावर चढवती. तुमी चौघं मिळून एकदा चढवून बगा." दुसऱ्या दिवशी पंप दुरुस्त झाला. आई अजून त्यांना म्हशीवाले म्हणते.

आता मुद्द्याच्या गोष्टीकडे यायला हवं. इतका वेळ मी ती टाळत होते, हे तुमच्या लक्षात आलं असेलच.

मिस्त्रींचे हिशोब खडूचे, पुसले जाणारे. मला वाटलं, हे कागदावर यायला हवेत. मी एक तक्ता तयार केला. वजन, उंची, कार्य, साखळीची लांबी, काट्यावर अपेक्षित ओढ, गर्डरची क्षमता. खाली दोन सह्या, एक माझी आणि एक त्यांची. पहिल्या तक्त्यावर सही करताना त्यांनी पेन दोनदा झटकलं. त्याची झेरॉक्स मागून घेतली, प्लास्टिकच्या पिशवीत घातली आणि अवजारांच्या पिशवीत ठेवली. पुढे कितीतरी दिवस चहाच्या टपरीवर, गेटवर, ठेकेदाराच्या ऑफिसात ते ती काढून दाखवत. मला त्याचं कौतुक वाटायचं. आपण एका माणसाला मान मिळवून दिला, अशी थोडी फुशारकीही होती.

त्या दिवशी एक जुनी मिलिंग मशीन वरच्या मजल्यावर चढवायची होती. दुसऱ्या कुठल्याशा कारखान्यातून विकत आणलेली. तिच्या पट्टीवर वजन कोरलं होतं, अठ्ठावीसशे किलो. उंची चौदा फूट. एक लाख सतरा हजार पेरू. वरच्या गर्डरवर पिवळ्या रंगात 'तीन टन' लिहिलेलं होतं. अठ्ठावीसशे म्हणजे तीन टनांच्या आत. मी तक्ता भरला, सही केली.

तीन वाजता बाहेरून पाहुणे येणार होते आणि साहेबांना मशीन तोवर वर बसलेली हवी होती. दोन वाजून गेले तरी दोर बांधणं चाललं होतं. माझं प्रोबेशन संपायला थोडे दिवस राहिले होते. कायम झाल्याचं पत्र येईल की नाही, ते साहेबांच्या हातात. त्यांनी माझ्याकडे दोनदा पाहिलं आणि एकदा घड्याळाकडे.

साखळी ताणली. मशीन सुटली. मिस्त्रींनी पहिले काही हात स्वतः ओढले आणि थांबले. हात खिशाकडे गेला.

"मिस्त्री, आज तंबाखू राहू द्या," मी म्हणाले. हसत म्हणाले, हे मला अजून आठवतं. "हिशोब कागदावर आहे ना. सही पण आहे."

ते माझ्याकडे बघत राहिले. मग डबी परत खिशात गेली आणि त्यांनी साखळी रशीदभाईंच्या हातात दिली.

मशीन वर जायला लागली. काटा कोणी लावला नाही, कारण आकडा कागदावर होता. चार फूट झाले, पाच झाले. रशीदभाई एकदा म्हणाले, "आज जरा भारीच लगरा, मिस्त्री." सात फुटांवर रशीदभाईंना दम लागला आणि त्यांनी साखळी पुन्हा मिस्त्रींकडे दिली. मिस्त्रींनी तीन हात ओढले आणि सोडून दिली.

पिशवीतून काटा काढला. साखळीत अडकवला. ओढला. पंचवीस किलो यायला हवे होते. मी तक्त्यात तसं लिहिलं होतं. त्यांनी काटा माझ्याकडे वळवला. तेहतीस.

खाली बसून त्यांनी खडूने लिहिलं. तेहतीस गुणिले दीडशे. चौथा हिस्सा वजा. मीही मनातल्या मनात तेच करत होते आणि आम्ही दोघं एकाच वेळी उत्तरावर पोचलो. सदतीसशेच्या वर.

"हे नऊशे किलो आलं कुठून?" मी विचारलं.

"कुठूनबी आलं असंल. वर बगा."

गर्डरच्या मधोमध खालच्या बाजूला बाक आला होता. खिडकीची वरची कड आणि गर्डर एका रेषेत दिसायचे, ते आता दिसत नव्हते. डाव्या टोकाला, जिथे गर्डर खांबाला वेल्डिंगने जोडलेला होता, तिथून राखाडी रंगाचे पापुद्रे सुटून खाली येत होते. एक पापुद्रा मिस्त्रींच्या खांद्यावर पडला.

"रंग पडायलाय," ते म्हणाले. "म्हंजे आतलं लोखंड हललंय. सगळे भायेर."

साहेब म्हणाले, "क्रेन मागवू का?"

"क्रेन आत येत नाय, साहेब. तुमी भायेर व्हा." रशीदभाईंनी साखळीला हात घातला तेव्हा त्यांनी तो बाजूला केला. "एकच माणूस लागतो. तू दरवाजात थांब, कुणाला आत येऊ देऊ नको."

सात फूट उतरवायचं म्हणजे तीनशे वीस मीटर साखळी सोडायची. साधारण सातशे हात. झटका बसता कामा नये. आणि साखळी लांबून ओढायची सोय नसते, मशीनपासून जेमतेम दोन पावलांवर उभं राहावं लागतं. मी पलीकडच्या खांबाआड उभी होते. बाहेर जायला त्यांनी मलाही सांगितलं होतं, पण मी हलले नाही, आणि हलता येत नव्हतं हे जास्त खरं.

"ताई, तुमी मोजा. मोठ्यानं. माझ्याच्यानं बोलणं व्हायचं नाय."

मी मोजायला लागले. एक. दोन. तीन. लोड हवेत असताना एकानेच बोलायचं, त्या नियमाने त्या शेडमध्ये फक्त माझा आवाज होता. कुप्पीच्या आतली खीळ टिकटिक वाजायची, आणि मधूनच डाव्या टोकाकडून एक बारीक करकर. करकर झाली की मिस्त्री थांबायचे. दोन श्वास जायचे. मग पुढचा हात. शंभरपर्यंत मशीन उतरली आहे असं मला वाटलंच नाही. दोनशेवर त्यांचा शर्ट पाठीला चिकटला होता. मला सारखं वाटत होतं, यांची एक मुलगी आहे, तिच्या पुस्तकाला यांनी कव्हर घातलं होतं. दुसरा काही विचारच येईना. तीनशे. साडेतीनशे. पापुद्रे पडणं थांबलं नव्हतं.

चारशे एकोणीसनंतर मी चारशे एकवीस म्हणाले. मिस्त्रींनी मान हलवली. मी परत चारशे वीस म्हणाले.

म्हणजे ते स्वतःही मोजत होते. मग मला कशाला मोजायला लावलं, हे मला नंतर कळलं. मला तिथे काहीतरी काम हवं होतं म्हणून.

पाचशे ऐंशीच्या सुमारास डाव्या टोकाला ठाण असा आवाज झाला. मशीन हातभर बाजूला झोकांडली आणि परत आली. मिस्त्री साखळी घट्ट धरून उभे राहिले, डोळे मिटून. मी आकडा विसरले. त्यांनी डोळे उघडले, माझ्याकडे पाहिलं आणि ओठांनी दाखवलं, पाचशे ब्याऐंशी. मी म्हणाले, पाचशे ब्याऐंशी. त्यांनी पुढचा हात ओढला.

सहाशे ब्याण्णवला मशीन टेकली.

साखळी सैल पडली, गर्डरने एक मोठा कण्हण्यासारखा आवाज केला आणि तो गप्प झाला. मिस्त्रींनी पिशवीतून हातोडी घेतली आणि मशीनच्या बुडावर मारली. ओतीव लोखंड पोकळ असलं की घणघणतं. इथे आवाज आला ठप. मागचं झाकण उघडून पाहिलं तर पोकळ बुडात काठोकाठ काँक्रीट. चालताना मशीन थरथरू नये म्हणून आधीच्या मालकाने कधीतरी ओतलेलं. पट्टीवरचं वजन कोणी बदललं नव्हतं, आणि मी पट्टीच वाचली होती.

ते एका लाकडी ओंडक्यावर बसले. डबी काढली. तळव्यावर तंबाखू घेतली, पण बोटं इतकी कापत होती की सगळी जमिनीवर सांडली. दुसऱ्यांदा घेतली, तीही सांडली. तंबाखूवरून मी त्यांना वर्षभर बोलत आले होते. मी डबी त्यांच्या हातातून घेतली, माझ्या तळव्यावर तंबाखू आणि चुना घेतला आणि अंगठ्याने मळली. जमत नव्हतं, चुना जास्त झाला होता. त्यांनी ती चिमूट उचलून तोंडात टाकली आणि तोंड वाकडं केलं.

"लई चुना," ते म्हणाले. आम्ही दोघंही हसलो, आणि मग मला रडू आलं.

पाच वाजता चौकशी झाली. साहेब, सुरक्षा अधिकारी, ठेकेदार, मी आणि मिस्त्री. माझा तक्ता टेबलावर होता. सुरक्षा अधिकाऱ्यांनी विचारलं, "लोड जमिनीपासून थोडा उचलून थांबायचं, काट्यावर ओढ बघायची, ही तुमचीच पद्धत ना? आज का केली नाही?"

मी तक्त्यावरच्या माझ्या सहीकडे पाहत होते.

"विसरलो, साहेब," मिस्त्री म्हणाले. "वय झालं आता."

मी तोंड उघडलं नाही. हे मी कितीही प्रकारे लिहिलं तरी एवढंच राहतं. एक वाक्य बोलायचं होतं, 'मीच थांबू दिलं नाही.' ते मला येत होतं, जिभेवर होतं. मिस्त्रींनी माझ्याकडे पाहिलं नाही. गळ्यातून गेटपास काढून टेबलावर ठेवला, खुर्ची नीट आत सरकवली आणि ते गेले. ठेकेदाराने त्यांना कामावरून कमी केलं.

पुढच्या आठवड्यात मला कायम झाल्याचं पत्र मिळालं. पत्र हातात पडल्यावर मला कंठ फुटला. मी साहेबांच्या खोलीत जाऊन खरं काय ते सांगितलं. मला एक लेखी ताकीद मिळाली, आणि मिस्त्रींना परत बोलवायला हरकत नाही असं ठरलं. एवढ्या स्वस्तात सुटेन असं मला वाटलं नव्हतं. हे आधी कळलं असतं तर आधी बोलले असते, हा विचार मनात आला, आणि त्याचीच जास्त लाज वाटली.

ते गावी परतले होते, देवगाव रंगारीला. रविवारी मी एसटीने गेले. घरामागे कडुलिंबाखाली ते साखळीला तेल देत बसले होते. मला बघून उठले, आत हाक मारली, "चहा ठिव गं, ताई आल्यात."

मी उभ्याउभ्याच सगळं बोलून टाकलं. माफी मागितली. तुम्ही माझ्यासाठी खोटं बोललात, म्हणाले, आणि मी ते घेतलं.

ते साखळीच्या कड्या एकेक करून पुसत होते. "तुमच्यासाठी नाय, ताई."

"मग?"

"मला तवाच कळलं व्हतं. वीतभर सुटायच्या आदीच. तिसऱ्या हातालाच."

"मग थांबला का नाहीत?"

"कागदावर तुमची सही व्हती." त्यांनी तेलाचं फडकं खाली ठेवलं. "तीस वर्सं माझा हिशोब जमिनीवर. कुणी पाय दिला का पुसला. तुमी त्यो कागदावर घेतला. मला वाटलं, आता हातानं काय सांगितलं त्याला किंमत नाय. कागदात पंचवीस लिवलंय म्हंजे पंचवीसच. हात म्हातारा झाला असंल." थोडं थांबून म्हणाले, "हाताला कळलं आन् मी ऐकलं नाय, हे त्या साहेबांम्होरं कोन्त्या तोंडानं सांगू? विसरलो म्हणणं सोपं व्हतं. माझी लाज झाकाया बोललो मी. तुमी फुकट वझं वाहू नका."

मी म्हणाले, परत चला. गेटपास तयार आहे.

"नको ताई. आता साखळी धरली का दोन गोष्टी मनात येतील. एक हाताची, एक कागदाची. लोड हवेत असताना एकानंच बोलायचं असतं."

चहा आला. तो आम्ही प्यालो. त्यांच्या मुलीने मला बसस्टँडपर्यंत सोडलं. ते फाटकापर्यंत आले होते. बस वळली तेव्हा मागे पाहिलं, तर ते परत साखळीपाशी जाऊन बसले होते.

त्याला आता बरीच वर्षं झाली. मिस्त्री पुन्हा शेंद्र्याला आले नाहीत. त्यांची पितळी डबी मात्र माझ्याकडे राहिली. त्या दिवशी तंबाखू मळून झाल्यावर मी ती नकळत माझ्या खिशात टाकली होती, आणि देवगावला जाताना नेमकी घरी विसरले. खरं सांगायचं तर विसरले नव्हते.

आता लोड उचलायचा असला की रशीदभाई येतात, त्यांच्याबरोबर नवी माणसं असतात. साखळी ताणते, मशीन सुटते, आणि मी हात वर करते. "वीतभर उचला, आन् थांबा." खिशातून डबी काढते, तळव्यावर तंबाखू घेते, चुना लावते आणि मळते. नवी माणसं एकमेकांकडे बघतात. मॅडम तंबाखू खातात, असं कारखान्यात पसरलं आहे, आणि मी ते खोडून काढलेलं नाही. चुना आता बरोबर पडतो. मळून झाली की ती फेकून देते आणि हात झटकते.

मग रशीदभाई बाजूला होतात, आणि साखळीचे पहिले दहा हात मी स्वतः ओढते. कागद रशीदभाईंच्या हातात असतो. मी सही त्यानंतर करते.